काळ्या पिंपाचं गाऱ्हाणं

देवापुढच्या गाऱ्हाण्यात एकदा नाव घेतलं आणि जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं, की ते काम त्या माणसाला जन्माचं चिकटलं. मेतरांच्या घरात हे कुणी कुणाला समजावत बसत नाही. म्हणून अक्षय तृतीयेच्या सकाळी सासऱ्यांनी धोतर नेसलेलं पाहिलं आणि सलोनी हातातलं काम टाकून आत वळली. एरवी सत्यवान मेतर खाडीकाठच्या मांगरात, म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये, हाफ पँटवर जायचे, तिथेच होड्यांच्या खणांत फोम भरायचे आणि दुपारी तिथेच डुलकी काढायचे. धोतर म्हणजे गाऱ्हाणं, आणि आजच्या गाऱ्हाण्यात तिच्या नवऱ्याचं, ओमकारचं नाव येणार हे घरातल्या मांजरालाही माहीत होतं.

ओमकार आरशासमोर भांग पाडत होता. सलोनीने खोलीचं दार लोटून घेतलं.

“बाबांका सांगलंस?”

“सांगतंय.”

“केदना? गाऱ्हाणा झाल्यावर?”

“आज नको गो. होडीवालो पास्कल येतलो. लोकांसमोर तमाशो कित्याक?”

“डॉक्टर काय बोललो ता तू ऐकलंस. एकदा अंगान ह्या फोमाच्या औषधाक वैरी धरल्यान की मगे थोडा नि फार असा काय ऱ्हवना नाय. नुसत्या वाफेन पण छाती बंद पडात. ता काम सोडूकच होया म्हणालो तो.”

“सोडून काय करू? तुझ्यासारखा शाळेत जावन खडू झिजवू?”

म्हणाला आणि स्वतःच हसला. त्या हसण्यातूनच खोकला सुटला. त्याने तोंड भिंतीकडे केलं, उशीखालून निळा पंप काढून दोनदा ओढला आणि पंप परत उशीखाली सारला. गेली दोन वर्षं या घरात ओमकारचा दमा असा उशीखाली राहत होता. सलोनीला त्या क्षणी नवऱ्याचा राग आला, आणि त्याच्या झुकलेल्या पाठीकडे बघून रडूही आलं. बाहेरून सासऱ्यांची हाक आली तसा तो शर्टाची बटणं लावत निघून गेला.

मांगराबाहेर वाळूत पास्कलची नवी होडी उभी होती. मासळीचे खण फळ्या ठोकून तयार होते. त्या फळ्यांच्या मागच्या पोकळीत फोम भरला की बर्फ टिकतो, आणि बर्फ टिकला की होडी लांब जाऊ शकते. सत्यवानचे वडील गंगाराम तिथे लाकडाचा भुसा भरायचे. तो भुसा भिजायचा, कुजायचा, आणि होडी किनाऱ्याला येईस्तोवर बर्फाचं पाणी झालेलं असायचं. सत्यवानने तरुणपणी गोव्यातल्या एका बोटींच्या कारखान्यात फोमचं काम शिकून घेतलं आणि मेतरांचं नाव बंदरात झालं.

फोम म्हणजे दोन पिंपं. काळ्या पिंपात आयसोसायनेट, काकवीसारखं दाट. पिवळ्यात पॉलिओल. वेगवेगळी असतात तोवर दोन्ही नुसती वाहती, पण मशीनच्या तोंडाशी एकत्र आली की उतू जाणाऱ्या दुधासारखी वर येतात, पोकळी भरून काढतात आणि बघता बघता कडक होतात. तेच पॉलियुरेथेन. ही नावं मांगरात कुणाच्याच जिभेवर बसेनात आणि नळ्या उलटसुलट लागायला लागल्या, तेव्हा सत्यवानने रंगाच्या ब्रशने काळ्या पिंपावर लिहिलं ‘न्हवरो’ आणि पिवळ्यावर ‘व्हकल’. नवरा आणि नवरी. बायका पदर तोंडाला लावून हसल्या, पण नळी पुन्हा कधी चुकली नाही. एवढंच, की हा नवरा जरा चंचल. व्हकल जवळ नसली तर तो पाण्याशीही संसार मांडतो, आणि ते काही त्या नावात लिहिलेलं नव्हतं.

मशीनची नळी लावायची म्हणून न्हवऱ्याचं बूच काढून ठेवलं होतं. पिंपांना हळदकुंकू झालं. सत्यवान नारळ हातात घेऊन उभा राहिला, आणि त्याचा आवाज पत्र्याच्या छपराला लागला.

“बा बारा-पाचाच्या देवा म्हाराजा! आज ह्या तिजेच्या दिवशी हो नारळ तुझ्या पायाकडे ठेवतंय, तो मान्य करून घे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ह्या पास्कलाची होडी उभी आसा. तिच्या खणात बर्फ टिकू दी, मासळी ताजी येव दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” पास्कलने छातीवर क्रूस काढला आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने होकार दिला. देव कुणाचा का असेना, होडी त्याची होती.

“माझ्या बापाशीन भुसो भरल्यान, मी फोम हाडलंय. आता माझे हात थकले. आजपासून ह्या मांगराचो भार माझो झील ओमकार घेता हा. ही पिंपा तेच्या हवाली करतंय. मरासर तो ह्या काम सोडूचो नाय, असा बळ तेका दी रे म्हाराजा!”

“व्हय—”

“नाय म्हाराजा.”

आवाज मोठा नव्हता. तरी सगळ्यांचा होकार अर्ध्यात थांबला. सलोनी दाराशी उभी होती आणि आपण बोललो यावर तिचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता.

सुदेश मशीनपाशी उभा होता, नेहमीसारखा. सत्यवानचा धाकटा भाऊ, लग्न केलं नाही, मशीन बिघडलं की रात्र-रात्र त्याच्याशी झटणारा. इतक्या वर्षांत एकाही गाऱ्हाण्यात दादाने त्याचं नाव घेतलं नव्हतं आणि त्यानेही कधी तक्रार केली नव्हती. पण सुनेच्या तोंडून ‘नाय’ ऐकलं तेव्हा त्याच्या मनात भीतीच्या आधी जे आलं त्याला आनंदच म्हणावं लागेल. मागोमाग त्याला त्याची लाज वाटली.

“काय बोललंस?” सत्यवानने विचारलं.

“बाबा, माका माफ करा. पण ह्या गाऱ्हाण्याक मी होकार दिवचंय नाय. ओमकाराक ह्या कामान दमो झालो हा.”

“सलोनी, गप ऱ्हव!” ओमकार ओरडला.

सत्यवानचा चेहरा काळाठिक्कर पडला. पास्कल वाळूकडे बघू लागला. दरवर्षी नारळ दारातल्या दगडावर फुटायचा. आज सत्यवानला दगडापर्यंत जायचाही धीर उरला नाही. त्याने हातातला नारळ समोरच्या काळ्या पिंपाच्या काठावर आपटला. नारळाची दोन शकलं झाली, पाणी झाकणावर उडालं, आणि दोन्ही शकलं तिथेच टाकून तो घराकडे चालू लागला. त्याच्यामागे ओमकार, ओमकारमागे बाकीचे.

सुदेश मागे राहिला. झाकणाच्या खोलगट भागात पाणी साचलं होतं आणि बुचाच्या उघड्या भोकातून आत ओघळत होतं. पेलाभर तरी गेलं असेल. त्याने खांद्यावरचा पंचा काढून झाकण पुसलं. दमट हवेत न्हवऱ्याचं बूच उघडं ठेवायचं नाही, हा ओमकारचा नियम त्याला तोंडपाठ होता. नियम का आहे हे त्याने कधी विचारलं नव्हतं. त्याने बूच बसवलं आणि पान्याने गच्च आवळलं. सांगायला हवं, असं एकदा मनात आलं. पण देवाच्या नारळाने माल बिघडला म्हणून आजच्या दिवशी दादाला दुसरं ‘नाय’ कोण ऐकवणार? त्याने पंचा झटकला आणि तोही जेवायला गेला.

ओमकारच्या आईने, यशोदाने पडवीत पानं मांडली होती. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, वाटीत आमरस. पास्कल निघतो म्हणत होता, तिने त्याला हाताला धरून बसवलं. परका माणूस पानावर असला की नवरा आवाज चढवत नाही, हा तिचा हिशेब. आज तो साफ चुकला.

“सून हाडली की वकील हाडलो, ता माका आज कळला,” सत्यवान म्हणाला. त्याने पानाला हात लावला नव्हता.

“दादा, जेव आधी,” सुदेश म्हणाला.

“माझ्या बापाशीच्या वक्तापासून गाऱ्हाण्यात कोणी नाय म्हणाक नाय. शत्रून पण म्हणाक नाय.”

सलोनी पाणी वाढत होती. तांब्या खाली ठेवून ती समोर बसली. “बाबा, तुमचो अपमान करूचो नव्हतो. पण एकदा तुमी तेका बांधलात असतात तर मगे तेना माझा ऐकला नसता नि डॉक्टराचा पण नाय.”

“मी ह्या हातांनी फोम भरलंय. मास्क नाय, मोजे नाय. माका काय झाला?”

“तुमका नाय झाला, ता बरा झाला. सगळ्यांका होना नाय. पण ज्येका एकदा धरता तेका सोडना नाय. तेची ताकद कमी नाय बाबा. तेचा अंगच त्या औषधाक ओळखून बसला हा.”

“माका एक सांग,” सुदेशने बोट चाटत विचारलं. “ह्या फोमान जर दमो होता तर ओमकार फोमच्या गादीर कसो निजता? तुझ्या पायातला चप्पल फोमचा. तो फ्रीज उघडतंस ना, तेच्या दारात फोम. ही खुर्ची चकाकता हा ता पॉलिशपण तेच्यातलाच. पावसाआधी गच्चीर मारलेला कोटिंग ता पण. मगे घर सोडूक होया सगळ्यांनी.”

पास्कलला ते पटलं असावं, त्याने मान हलवली. सत्यवाननेही भावाकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं. दोघे भाऊ एका बाजूला झालेले बघून यशोदाला धास्ती वाटली.

“काका, गादीत तुमचो न्हवरो नसता,” सलोनी म्हणाली. शाळेत विज्ञान शिकवायची तोच तिचा सूर लागला आणि तिचं तिलाच ते आवडलं नाही, म्हणून तिने आवाज खाली आणला. “लगीन झाल्यार न्हवरो ऱ्हवना नाय नि व्हकल पण ऱ्हवना नाय. दोघांचा मिळान तिसराच काय ता होता. ता गरीब. तेच्यार निजा, ता पायात घाला, काय होना नाय, फक्त आगीपासून लांब ठेवा. जो काय त्रास आसा तो लगीन लागायच्या आधीचो. पिंप उघडताना, फवारताना. आणि तेवढ्याच वेळात तुमचो पुतणो थय उभो असता.”

सुदेशने खाली बघून वड्याचा तुकडा मोडला.

सत्यवान मुलाकडे वळला. “ती सांगता ता मी ऐकलंय. आता तू सांग. काय होता तुका?”

यशोदाच्या हातातला डाव सांबाऱ्यात थांबला. गादी उन्हात घालायला उचलली तेव्हा तिला उशीखालचा पंप सापडला होता. तिने तो होता तिथेच ठेवला आणि वाट बघत राहिली, मुलगा आज सांगेल, उद्या सांगेल. आज सकाळी मात्र धोतर बघून, ओमकार बाहेर पडल्यावर ती त्याच्या खोलीत गेली होती आणि पंप उचलून तिने कनवटीला खोचला होता. तिचंच तिला कळलं नव्हतं की का. आता ती मनात म्हणत होती, बोल रे बाबा, एकदा बोलून टाक.

ओमकारने वडिलांकडे पाहिलं. सत्यवानच्या डोळ्यांत राग नव्हता. त्यात विनवणी होती, आणि तीच त्याला झेपली नाही.

“काय होना नाय माका,” तो म्हणाला. “धुळीचो खोकलो तो. हिका उगीच घाबरूची सवय आसा.”

सलोनीने एकदाच त्याच्याकडे पाहिलं आणि उठून आत गेली. तिच्या जाण्याचा आवाज झाला नाही, पण यशोदाला वाटलं की या पडवीतून कुणीतरी आता कायमचं उठून गेलं. तिला मुलाची लाज वाटली. जन्म दिलेल्या मुलाची लाज वाटण्याचा तिचा हा पहिलाच प्रसंग, आणि तिला ते कुठे ठेवावं कळेना.

“मी मशीन लावतंय,” ओमकार अर्धं पान टाकून उठला. “पास्कल, तुझो पयलो खण आज भरून देतंय.”

“सावकाश रे,” पास्कल म्हणाला. “होडी पळान जाणा नाय.”

पण तो गेलाच. सगळ्यांना दाखवून द्यायचं होतं ना.

थोड्याच वेळात मांगराकडून त्याची हाक आली. सत्यवान हात धूत होता. शब्द कळले नाहीत, पण सूर कळला, आणि तो ओल्या हातांनी धावला.

ओमकार मांगराच्या दारात दोन्ही हात पसरून उभा होता. “आत येव नको कोणी! पास्कल, तुझी माणसा होडीकडसून लांब घे. काका, लाइट बंद कर.”

“काय झाला?”

ओमकारने बोट दाखवलं. पत्र्याखाली दुपार तापली होती. काळ्या पिंपाचं सपाट झाकण टम्म फुगलेल्या भाकरीसारखं वर आलं होतं. ते बघत असतानाच पिंपाने ‘ठण्ण’ असा आवाज केला आणि बाजूचा पत्रा आणखी जरा बाहेर आला.

“हेच्यात पाणी खंयसून गेला?” ओमकारने विचारलं. “पाण्यान ह्या औषधात गॅस होता. व्हकलीबरोबर थोडोसो होता, तोच फोम फुगवता. हय बूच बंद आसा, गॅसाक वाट नाय. फुटला तर सगळो न्हवरो अंगावर येतलो. बूच कोणी आवळल्यान?”

सुदेश पुढे आला. “मी. नारळाचा पाणी आत गेला, ता मी बघलंय. तूच सांगतंस ना, बूच उघडा ठेवू नको म्हणान. म्हणान गच्च केलंय.”

सत्यवानला आपल्या तळहाताला नारळाचा तो फटका पुन्हा जाणवला. देवाला गाऱ्हाणं घालून त्याने स्वतःच्या हाताने हे केलं होतं. आजवर न्हवऱ्यावर त्याचा एवढा भरवसा होता, की मुलाच्या छातीपेक्षा पिंपाचं ऐकत आलो, हेही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

“पानो दी,” ओमकार म्हणाला. “बूच हळूहळू सैल करूक होया. पाव आट्यान.”

“मी जातंय,” सत्यवान म्हणाला.

“तुमका तेचो अंदाज नाय बाबा. एकदम उघडलात तर उडात.”

सलोनी मागून आली होती. धाप लागली होती तिला. “मास्क घाल! ओमकार, मास्क खुंटीर आसा, तो घाल आधी!”

मास्क दाराजवळच लोंबत होता. ओमकारचा हात तिकडे गेला. मग त्याची नजर वडिलांवर पडली, पास्कलवर पडली, आणि हात परत आला.

“काय होना नाय माका,” तो म्हणाला, आणि सुकं गोणपाट घेऊन आत शिरला.

माणूस स्वतःच्याच शब्दात असा अडकतो. पडवीत बोललेलं खोटं खरं करायला तो उघड्या तोंडाने त्या पिंपापाशी गेला, आणि सत्यवान दारात उभा राहून ते बघत राहिला. ओमकारने गोणपाट बुचावर टाकलं, त्याखालून पाना बसवला आणि नेमका पाव आटा फिरवला. फुस्स करून हवा सुटली. गोणपाट थरथरलं. आणखी एक पाव आटा.

मग तो खोकला.

सत्यवानने मुलाचा खोकला हजारदा ऐकला होता. हा तो नव्हता. हा संपत नव्हता. ओमकारचे खांदे कानांपर्यंत चढले, मानेच्या शिरा दोरासारख्या ताठ झाल्या, आणि छातीतून बारीक शीळ ऐकू येऊ लागली. आत घेतलेला श्वास बाहेर पडत नव्हता. पाना हातातून गळला. तो गुडघ्यावर बसला आणि वडिलांकडे बघू लागला. त्याचे ओठ जांभळे पडत होते.

“ओमकारा!”

सत्यवानचे पाय हलायच्या आत सुदेश आत होता. श्वास कोंडून त्याने पुतण्याला काखेत धरलं आणि फरफटत वाळूवर आणलं. सलोनीने त्याला बसतं केलं. “पंप,” ती म्हणाली, “उशीखाली, कोणीतरी धावा...”

“हयच आसा.” यशोदाने कनवटीचा पंप काढून मुलाच्या तोंडाशी धरला. “ओढ. ओढ रे माझ्या बाळा. आणखी एकदा.”

सलोनीने सासूकडे पाहिलं. यशोदाने पाहिलं नाही, तिचं लक्ष मुलाच्या छातीकडे होतं. पण तिचा दुसरा हात सुनेच्या मनगटावर घट्ट बसला आणि नंतर बराच वेळ तिथेच राहिला.

“तुका ठावक हुता?” सत्यवानने बायकोला विचारलं.

“आवशीक ठावक असता. बापाशीक कोणी सांगूचा?”

पिंप पुन्हा ठणकलं. सत्यवान वळला, पण सुदेशने खुंटीवरचा मास्क आधीच तोंडावर चढवला होता.

“थांब, माझी चूक ती,” सत्यवान म्हणाला.

“दोघांची,” मास्कमधून सुदेशचा आवाज दबलेला आला. “तू झिलाक बघ दादा. न्हवऱ्याक मी बघतंय.”

पास्कल आपली जीप आणायला पळाला. बाकीचे ओमकारला उचलून माडांखाली, वाऱ्याच्या बाजूला घेऊन गेले. तिथून मांगरातला आवाज येत होता. फुस्स. थांबला. पुन्हा फुस्स, या वेळी लांब. सत्यवान मुलाच्या पाठीवर हात ठेवून बसला होता. त्या हाताखाली बरगड्या उचलायच्या, अडायच्या, कशाबशा खाली यायच्या. ह्याच हाताने तो होडीचा खण भरलाय की पोकळ राहिलाय हे ठोकून ओळखायचा. घरातल्या ह्या एका छातीवर तो कधी ठेवला नव्हता. मांगरातून मोठा धातूचा आवाज आला आणि सगळे दचकले. फुगलेलं झाकण परत खाली बसलं होतं. सुदेश मास्क काढत दारात येऊन उभा राहिला, घामाने निथळलेला, आणि हाताने सगळं ठीक असल्याची खूण केली.

ओमकारची शीळ थोडी उतरली, पण थांबली नव्हती. जीपचा आवाज वळणावर आला.

“बाबा,” ओमकार म्हणाला. दोन शब्दांमध्ये त्याला थांबावं लागत होतं. “मांगर... माझो...”

“बोलू नको.”

सत्यवानने मुलाच्या पाठीवरचा हात काढला नाही. एकच हात मोकळा होता, तो त्याने कपाळाला लावला. गाऱ्हाणं उभ्यानं घालायचं, नारळ पुढे ठेवून. तो वाळूत बसला होता आणि पुढे काही नव्हतं.

“बा बारा-पाचाच्या देवा म्हाराजा,” तो म्हणाला. सकाळी छपराला लागलेला तो आवाज आता जेमतेम मांगराच्या दारापर्यंत पोचला. “सकाळी माझ्या तोंडान मी माझ्या झिलाक पिंपाक बांधूक गेलंय. माझ्या सुनेन ता अडवल्यान. ती खरा बोलली, मी चुकलंय. मांगर चालवूचो की बंद करूचो, ता माझो भाव सुदेश ठरवतलो.”

दारातला सुदेश मास्क हातात घेऊन तसाच थिजला.

“माझ्या झिलाक मी मोकळो करतंय. तेका दुसरा काय नको. तेचो श्वास तेका परत दी रे म्हाराजा.”

होकार द्यायला कुणी तोंड उघडलं नाही. पास्कल जीपमधून उतरून डोक्यावरची टोपी काढून उभा राहिला. आणि सलोनी, जिने सकाळी नाही म्हटलं होतं, ती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत थांबली. हा होकार दुसऱ्या कुणी देऊन चालणार नव्हता. पडवीतलं ते खोटं त्याचं होतं.

ओमकारने मान वर केली. छाती उचलली, अडली, पुन्हा उचलली.

“व्हय,” तो म्हणाला. “माका होता. दोन वर्सां... होता. व्हय...”

पुढच्या शब्दाला त्याच्या छातीत हवा उरली नाही. तो शब्द सलोनीने म्हटला.

“म्हाराजा.”